डोळ्यांवर हेडसेट, बोटं कीबोर्डवर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीच्या दुकानात एकच माणूस मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज आणि इंग्रजी भाडेकरार टाइप करतो. कीबोर्डवर अक्षरं मात्र इंग्रजीच. फार तर वर चिकटवलेले स्टिकर, तेही घासून पुसट झालेले. अशा माणसाच्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळे झाकून आभासी दृश्य दाखवणारं उपकरण, चढवलं तर?

टेबल, कीबोर्ड, स्वतःचे हात, सगळंच नजरेआड होतं. तरी मुरलेला टायपिस्ट फारसा अडत नाही. एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे तर्जनींना लागले की बाकीची बोटं आपोआप जागेवर बसतात. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत तिथंच ऱ्हस्व वेलांटी आणि 'र' असतो. हार्मोनियमवाला तरी पट्ट्यांकडे कुठं बघतो? ग्रुबर्ट आणि सहकारी या संशोधकांनी २०१८ साली लोकांना आभासी कीबोर्ड आणि बोटांची टोकं दाखवून खऱ्या कीबोर्डवर टाइप करायला लावलं, तेव्हा नेहमीच्या वेगापैकी सुमारे ६० टक्के वेग टिकला. त्याच वर्षीच्या क्निरिम यांच्या प्रयोगात दिसलं, की सराईतांना हात कसे दिसतात याने फरक पडत नाही. नवख्यांना मात्र हात खऱ्यासारखे दिसावे लागतात.

म्हणून हेडसेटचे कॅमेरे कीबोर्ड शोधून त्याची प्रतिमा नेमकी त्याच जागी उभी करतात, किंवा तेवढ्याच भागापुरती बाहेरची खिडकी उघडतात. दोन कळांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १९ मिलिमीटर असतं, म्हणजे प्रतिमा एक सेंटिमीटर सरकली तरी बोट अर्धी कळ चुकतं. एक सोय मात्र मोठी आहे. कुठली कळ दाबली हे ब्लूटूथवरून कीबोर्डच सांगतो, कॅमेऱ्याला ताडावं लागत नाही. हवेत तरंगणाऱ्या कीबोर्डवर तेही कॅमेऱ्यावरच पडतं, शिवाय बोटाला टेकायला काही नसतं. माझ्या मते तो प्रकार पासवर्ड टाकण्यापुरताच ठीक.

आपल्याकडच्या माणसाला खरा फायदा वेगळाच. कीबोर्ड चित्रातला असेल तर कळांवर हवी ती अक्षरं रंगवता येतात: आता देवनागरी, मघाचा अर्ज आला की कन्नड. इनस्क्रिप्टमध्ये तर दोन्ही लिप्यांचा 'क' एकाच कळेवर आहे, बोटांची सवय मोडत नाही. फक्त कर्नाटकातल्या कचेऱ्यांत नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरची मांडणी चालते, तिथं अक्षरांच्या जागा वेगळ्या. तेव्हा चित्रं दोन नाही, तीन लागतील.