‘अनिश्चित’ या शेऱ्यामागची तीस वर्षे

मिरजेला उपचारासाठी जत, कवठेमहांकाळहून आणि सीमेपलीकडच्या अथणीहूनही रुग्ण येतात; विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून ही वाट रुळलेली आहे. आता स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांचे रक्त जनुकीय तपासणीसाठी मोठ्या शहरात जाते आणि अहवालात कधी एवढेच लिहून येते की या कर्करोगाशी जोडलेल्या ‘बीआरसीए-२’ जनुकात बदल आढळला, महत्त्व अनिश्चित. डॉक्टर त्याला ‘व्हीयूएस’ म्हणतात, सोबत आलेली लेक विचारते, “म्हणजे मलाही धोका आहे का?” यंत्राने बदल अचूक टिपलेला असतो, पण तो घातक आहे का, हे ठरवायला तोच बदल आणखी कोणाकोणात सापडला हे ताडून पाहावे लागते.

अशा नोंदी एकत्र ठेवण्यासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये ‘ब्रेस्ट कॅन्सर इन्फर्मेशन कोअर’ हा सामायिक संग्रह सुरू झाला. याच कर्करोगाशी जोडलेल्या ‘बीआरसीए-१’ जनुकाचा ठावठिकाणा संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्येच १७व्या गुणसूत्रावर लावला होता. जनुक १९९४ मध्ये हाती आले आणि त्यावरची पेटंटे ‘मिरियड जेनेटिक्स’ या कंपनीकडे गेली. कंपनीने २००४ च्या सुमारास संग्रहाला नोंदी देणे थांबवले. रक्त रुग्णांचे, पैसेही त्यांचेच, आणि त्यातून जमलेले ज्ञान मात्र कंपनीच्या कुलपात, असा तो व्यवहार होता.

नैसर्गिक डीएनएवर पेटंट घेता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी दिला, पण त्याने कुलूप उघडले नाही. निकालाआधीच काही डॉक्टरांनी वेगळी वाट काढली होती: आपल्याकडे आलेले कंपनीचे अहवाल रुग्णांची नावे वगळून त्याच वर्षी खुल्या झालेल्या ‘क्लिनव्हार’ या सार्वजनिक संग्रहात भरायचे. एकाच बदलाविषयी दोन प्रयोगशाळांची मते जुळत नसतील, तर तेही तेथे उघड दिसते, आणि माझ्या मते संग्रहाची खरी किंमत त्यातच आहे. कर्करोगाच्या गाठीत नव्याने झालेल्या बदलांवर कोणते औषध लागू पडते, याचे पुरावे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ‘सिव्हिक’ हा संग्रह कोणताही हक्क न राखता खुले ठेवतो.

या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांच्या नोंदी जास्त असल्याने आपल्याकडच्या अहवालांत ‘अनिश्चित’ हा शेरा अधिक पडतो. जो बदल निरोगी लोकांतही सर्रास आढळतो तो सहसा घातक नसतो, आणि म्हणूनच ‘इंडिजेन’ प्रकल्पातील १,०२९ भारतीयांचे जनुकसंच येथे उपयोगी पडतात. नोंदी वाढल्या की जुना शेरा बदलतो, बहुधा ‘निरुपद्रवी’ असा. ते रुग्णाला कळायचे, तर तोवर फाइलवरचा मोबाइल नंबर मात्र चालू असावा लागतो.