तिसरा कप्पा

इंदूरच्या रामबागेत माझी मावशी राहते. काका अंथरुणाला खिळल्यावर घरात रोज डायपर निघू लागले. ती ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, काळ्या पिशवीत कोंबायची आणि भाजीच्या सालींखाली दडवायची. ओला-सुका वेगळा ठेवायचा हे तिला पाठ होतं. पण कचरागाडीवरच्या तरुण मुलाच्या हाती ती पिशवी द्यायला तिचा हातच पुढे होत नसे.

कुणी विचारलं असतं तर 'मी कचरा वेगळाच करते हो' असंच तिनं सांगितलं असतं. लाजेची गोष्ट माणूस सांगत नाही आणि सवयीची गोष्ट त्याला स्वतःलाच दिसत नाही. म्हणून समानुभूतीनं रचना करणारे, म्हणजे वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून वस्तू आणि सोयी आखणारे, आधी पाहतात, मग विचारतात. पॅट्रिशिया मूर ही अमेरिकी डिझायनर 1979 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी, ऐंशी पार केलेल्या म्हातारीच्या वेषात घराबाहेर पडली. धूसर दिसणारा चष्मा, कानांत बोळे, सांधे आखडतील अशा घट्ट पट्ट्या. तीन वर्षं ती अमेरिका-कॅनडातल्या शंभरावर शहरांत अशी हिंडली. म्हातारपणी दार उघडणं, जिना चढणं म्हणजे काय, हे तिनं अंगावर घेऊन पाहिलं.

कचऱ्याची व्यवस्था हळू बदलते, कारण तिथे परिणाम फार उशिरा आणि फार दूर दिसतो. व्यवस्थांचा अभ्यास करणारे याला उशिराचा प्रतिसाद म्हणतात. रामबागेतल्या पिशव्यांचा डोंगर देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे शहराचा कचरा टाकायच्या जागेवर, वाढत होता. साठता साठता तो सुमारे 13 लाख टनांचा झाला, पण पिशवी टाकणाऱ्याला तो कधी दिसलाच नाही. शहरानं कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या काढून गाडी दाराशी आणली, तेव्हा चूक तिथल्या तिथे दिसू लागली. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 ते 2023 सलग सात वर्षं इंदूर पहिलं आलं, याचा आम्हा इंदूरकरांना अभिमान आहेच.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो गाडीतला तिसरा कप्पा, सॅनिटरी पॅड आणि डायपरसाठीचा. केंद्राचे 2016 चे नियम सांगत होते की असा कचरा नीट गुंडाळून सुक्यात टाकावा. कागदावर हे बरोबर दिसायचं. पण सुका कचरा पुढे सरकत्या पट्ट्यावर पसरतात आणि माणसं तो हातानं निवडतात. तिथे ती पुडी कुणाच्या तरी बोटांखाली येणारच. ओल्यात गेली तरी घोटाळा. देवगुराडियाला 2022 मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची आहे. बंद टाक्यांत, हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवून मिथेन तयार करतात. डायपरमधलं प्लास्टिक त्यांना पचत नाही.

तिसऱ्या कप्प्यानं मावशीची लाज ओळखली आणि कचरा निवडणाऱ्या बाईचे हातही. मावशी आता खाली येते, पिशवी स्वतःच त्या कप्प्यात टाकते. कुणाच्या हाती द्यावी लागत नाही, कुणी काही विचारत नाही.

काही दिवसांनी पाहिलं तर पिशवीच्या तोंडाला लाल दोरा बांधलेला होता. "कुणी सांगितलं?" मी विचारलं. "कुणी नाही रे," ती म्हणाली, "तो पोरगा चुकून उघडायचा."