तीन हजार टन नवे पोलाद आणि एक जुनी उणीव

२००१ साली ‘सीएमए सीजीएम नॉर्मंडी’ हे कंटेनर जहाज सिंगापूरच्या सामुद्रधुनीत खडकावर चढले आणि कित्येक आठवडे तिथेच अडकून पडले. सुटल्यावर ते व्हिएतनाममधल्या ह्युंदाई-विनाशिन गोदीत नेण्यात आले. तिथे त्याला ३,००० टनांहून अधिक पोलाद जोडले गेले.

फाटलेल्या पत्र्यावर नुसते ठिगळ मारून अशी दुरुस्ती होत नाही. जहाज सुक्या गोदीत ठोकळ्यांवर नीट टेकवावे लागते. कापाकापीआधी टाक्यांमधली तेलाची वाफ पूर्ण काढावी लागते, नाहीतर पहिल्याच ठिणगीला स्फोट व्हायचा. मग वाकलेला भाग धड पोलादापर्यंत कापून काढतात. कापलेल्या भोकाचे कोपरे मुद्दाम गोलाकार ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. नवा पत्रा बसवताना वेल्डिंगचा क्रमही ठरलेला असतो. वितळलेला जोड थंड होताना आकसतो. एका टोकापासून सरळ शिवत गेले तर पत्रा वाकतो आणि जोडात कायमचा ताण अडकून राहतो. म्हणून थोडे इथे, थोडे तिथे असे काम चालते. शेवटी जोडांची तपासणी अल्ट्रासाउंडने किंवा क्ष-किरणांनी होते. एक जुनी, स्वस्त पद्धतही आहे: जोडाच्या एका बाजूला खडूची पातळ लापशी फासून वाळू द्यायची आणि दुसऱ्या बाजूने रॉकेल लावायचे. बारीकसे छिद्र असले तरी पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटतो. मला ही पद्धत फार आवडते. डोळ्यांना दिसणारा असा पुरावा यंत्राच्या पडद्यावर मिळत नाही.

दुरुस्तीनंतर जहाज पुन्हा कामाला लागले. पुढे त्याचे नाव ‘एमएससी नापोली’ झाले. १८ जानेवारी २००७ रोजी इंग्लिश खाडीतल्या वादळात इंजिनरूमजवळ त्याचा सांगाडा मोडला. २६ खलाशी जहाज सोडून बाहेर पडले आणि हेलिकॉप्टरनी त्यांना वाचवले. बुडण्याच्या बेतात आलेले जहाज डेव्हनच्या किनाऱ्यालगत मुद्दाम टेकवण्यात आले.

संशय दुरुस्तीवर जाणे साहजिक होते. पण ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने मांडलेली मुख्य कारणे वेगळीच होती. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोके खाली झुकू पाहतात. डेक ताणला जातो आणि तळ दाबला जातो. प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी दाबली तर ती तुटण्याआधीच बाहेर फुगते. तळाच्या पत्र्याचेही असेच होते. लांबीच्या दिशेने जोडलेल्या पट्ट्या त्याला या फुगण्यापासून आवरतात. नापोलीच्या इंजिनरूमच्या भागात मात्र सांगाड्याच्या पट्ट्या आडव्या होत्या, म्हणजे दाबाच्या दिशेने आधार कमी होता.

जहाज १९९१ साली बांधले तेव्हाच्या नियमांनुसार अशा फुगण्याचा हिशेब जहाजाच्या मधल्या भागापुरताच करणे बंधनकारक होते. इंजिनरूम त्याच्या बाहेर पडत होती. त्यातच वादळात लाटांच्या तडाख्यांनी सगळा सांगाडा थरथरला असावा आणि त्या कंपनांचा भार मूळ भारावर चढला असावा, असे तपासात म्हटले आहे.

मला यातली मोलाची गोष्ट अशी वाटते की गोदीतली दुरुस्ती साधारणपणे जहाजाला मूळ आराखड्याइतके मजबूत करते. आराखड्यातच कमी पडलेली जागा वेल्डर कितीही कुशल असला तरी त्याच्या हातून सापडत नाही, कारण तिथला पत्रा वाकलेला नसतो, गंजलेलाही नसतो. ती सापडते आकडेमोडीतून.

नापोलीनंतर नेमके तेच झाले. जहाजांची पात्रता ठरवणाऱ्या वर्गीकरण संस्थांनी इतर कंटेनर जहाजांचे हिशेब पुन्हा मांडले, आणि त्यांतली काही जहाजे अपघात न होताही मजबुतीकरणासाठी निवडली गेली.