क्लॅम्प सुटल्यावरचे ७२ तास

ग्रीन कॉरिडॉरची बातमी आपल्या ओळखीची आहे. पोलिसांनी रस्ता मोकळा केला, पेटीतला अवयव वेळेत पोचला, इथपर्यंत ती सांगितली जाते. फुप्फुसाच्या रोपणात मात्र सगळ्यात धोक्याचा क्षण त्यापुढे येतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तीन जोड शिवले जातात: श्वासनलिकेची शाखा, फुप्फुसाकडे रक्त नेणारी धमनी आणि हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची कड. मग सर्जन धमनीवरचा क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवून धरणारा चिमटा, सैल करतात, तोही एकदम नाही, हळूहळू काही मिनिटं घेऊन. फिकट पडलेलं फुप्फुस गुलाबी होऊ लागतं. आणि खरी इजा व्हायला सुरुवात होते ती याच वेळी.

रक्त परत आल्यावर इजा का व्हावी? मूत्रपिंड किंवा यकृत पेटीत असताना त्याच्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. फुप्फुसाचं तसं नाही. ते हवा भरून, फुगवूनच पेटीत ठेवतात, त्यामुळे वायुकोशांत ऑक्सिजन असतो. थांबलेला असतो तो रक्ताचा प्रवाह. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना वाहत्या रक्ताचं घर्षण सतत जाणवत असतं. ते थांबलं की त्यांच्या आवरणावरचा विद्युतभार बदलतो आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होऊ लागतात. रक्त पुन्हा सुरू झालं की हे रेणू आणखी वाढतात. फुप्फुसातल्या भक्षक पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात आणि रुग्णाच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तो झिरपू लागला की वायुकोशांत पाणी भरतं.

डॉक्टर याला पीजीडी, म्हणजे प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन (बसवलेल्या अवयवाचं सुरुवातीलाच नीट काम न करणं) म्हणतात. त्याचं मोजमाप साधं आहे. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब घ्यायचा आणि रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हवेतल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने त्याला भागायचं. निरोगी माणसात उत्तर ४००च्या वर येतं. व्हेंटिलेटरवर ६० टक्के ऑक्सिजन देऊनही दाब ९० असेल तर उत्तर येतं १५० (९० भागिले ०.६). ते २००च्या खाली गेलं आणि एक्स-रेत बसवलेलं फुप्फुस पांढुरकं दिसलं की तो तिसरा, सर्वांत गंभीर दर्जा. पहिले ७२ तास हा हिशोब ठेवला जातो. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण सहा रुग्णांमागे एकाला शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांनीही तिसऱ्या दर्जाचा पीजीडी होता. अशा रुग्णांना पुढे जुनाट नकाराचा, म्हणजे नवं फुप्फुस हळूहळू निकामी होण्याचा धोकाही जास्त असतो. म्हणून मला हे तीन दिवस फार मोलाचे वाटतात.

औषधं आजही दिली जातात. अवयव काढण्याआधी धमनीत प्रोस्टाग्लँडिन ई-१ सोडतात. त्याने वाहिन्या सैलावतात आणि साठवणीचं थंड द्रावण कानाकोपऱ्यांत पोचतं. क्लॅम्प सुटण्याआधी रुग्णाला मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळतं. एवढ्याने भागत नाही, म्हणून शोध चालू आहे. त्यात नायट्रिक ऑक्साइड वायूवर मोठी भिस्त होती. प्राण्यांमध्ये त्याचे परिणाम उत्साह वाढवणारे होते. पण ८४ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्त सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी हा वायू देऊनही पीजीडी टळला नाही. ही चाचणी मी वाया गेलेली मानत नाही. त्या दहा मिनिटांत काय होऊन गेलेलं असतं, हा प्रश्न तिने ठळकपणे पुढे आणला.

मला सगळ्यात आशा वाटते ती अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कामाबद्दल. ऊतीला इजा झाली की शरीर स्वतःच अ‍ॅडेनोसिन तयार करतं. पेशींवरच्या ए-२-ए या रिसेप्टरला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटलं की दाह शमतो. पण रक्तात अ‍ॅडेनोसिन काही सेकंदच टिकतं. या गटाने उंदरांमध्ये दाखवलं, की रक्त परतताच एका खास जातीच्या टी-पेशी (याही पांढऱ्या रक्तपेशीच) आयएल-१७ हा रासायनिक संदेश सोडतात, न्यूट्रोफिल त्यामुळेच जमतात, आणि ए-२-ए रिसेप्टर चेतवणारं औषध दिलं की ही साखळी तुटते.

असं एक औषध हृदयरोगतज्ज्ञांकडे आधीच होतं. ट्रेडमिलवर चालू न शकणाऱ्या रुग्णांची स्ट्रेस टेस्ट करताना रेगाडेनोसनचं इंजेक्शन देतात. अमेरिकेत त्याला २००८ साली परवानगी मिळाली. तेच औषध एका इंजेक्शनऐवजी सलग ठिबकत देऊन फुप्फुस रोपणाच्या मोजक्या रुग्णांवर सुरक्षिततेची पहिली चाचणी झाली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष आले: रुग्णांना ते सोसलं. पीजीडी कमी होतो का, हे ठरवायला मोठी चाचणी लागते. जुन्या, ओळखीच्या औषधाचा असा नवा उपयोग शोधणं मला शहाणपणाचं वाटतं, कारण त्याचे दुष्परिणाम आधीच माहीत असतात.

दुसरी वाट कॅनडातल्या टोरंटोची. तिथे फुप्फुस शरीराबाहेर यंत्रावर, ३७ अंशांवर, चार-सहा तास चालतं ठेवतात. श्वास चालू, द्रावण वाहतं. २०११ साली तिथल्या डॉक्टरांनी, नीट चालतील की नाही अशी शंका असलेली दात्यांची २० फुप्फुसं यंत्रावर तपासून बसवल्याचं प्रसिद्ध केलं. ७२ तासांनी त्या रुग्णांमध्ये पीजीडीचं प्रमाण १५ टक्के होतं, नेहमीच्या पद्धतीत ३० टक्के. रुग्ण थोडे असल्याने हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण औषधांच्या दृष्टीने इथे मोठी सोय आहे: रुग्णाचं रक्त पोचण्याआधीच, आणि त्याच्या बाकी शरीराला हात न लावता, फुप्फुसाला भरपूर मात्रा देता येते. डुकरांच्या फुप्फुसांना यंत्रावर ए-२-ए चेतवणारं औषध दिलं तेव्हा त्यांचं काम सुधारलं. तरी टोरंटोच्या यंत्रातल्या द्रावणात रक्तपेशी नसतात. न्यूट्रोफिलशी गाठ पडते ती क्लॅम्प सुटल्यावरच, त्यामुळे यंत्रावर दिलेलं औषध शस्त्रक्रियेनंतरही काही तास चालू ठेवावं लागेल, असं मला वाटतं.