नथुला परवाना: नाशिकहून गंगटोकला जाणाऱ्या गटांचे कागद कुठे अडतात

नाशिकमधील ज्येष्ठ नागरिक संघ, महिलांचे भिशी गट आणि सोसायट्यांची मंडळे सहलीसाठी गंगटोक ठरवतात, तेव्हा तिकिटे, हॉटेल आणि जेवण यांची चर्चा आठवडेच्या आठवडे चालते. परवान्याचा विषय मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात निघतो. गंगटोक शहरात किंवा पेलिंग, नामची, रावंगला येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. तो लागतो छांगू सरोवर, बाबा हरभजनसिंग मंदिर, १४,१४० फुटांवरील नथुला खिंड आणि उत्तर सिक्कीममधील लाचेन, लाचुंग, युमथांग, गुरुडोंगमार या ठिकाणांसाठी. गटातल्या बहुतेकांना सिक्कीमला जायचे असते ते हीच ठिकाणे पाहायला, त्यामुळे एखाद्याचा कागद अडला तर तो सदस्य हॉटेलात बसून राहतो आणि बाकीचे अपराधी चेहऱ्याने सरोवर पाहून येतात.

नथुला ही चीनच्या सीमेवरची खिंड असल्यामुळे तेथे फक्त भारतीय नागरिकांना जाता येते. गटातल्या एखाद्याची परदेशी नागरिकत्व घेतलेली मुलगी किंवा जावई सहलीला येणार असेल, तर त्यांना नथुला वगळावी लागेल हे आधीच सांगावे. घरी आपण सगळे मराठी बोलतो, त्यामुळे हा प्रश्न कोणाच्या लक्षातच येत नाही.

परवान्यासाठी प्रत्येकाची दोन पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची झेरॉक्स लागते. खरी अडचण ओळखपत्राचीच. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहनचालक परवाना यांपैकी एक हवे. आधार आणि पॅन या कामाला चालणार नाहीत असेच धरून तयारी करावी. गेल्या काही वर्षांत बँकेपासून सिमकार्डापर्यंत सगळीकडे आधारच पुढे करण्याची सवय लागल्यामुळे अनेकांनी मतदार ओळखपत्र कपाटात नेमके कुठे ठेवले आहे हेही पाहिलेले नसते. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असे आधार कायद्यातच म्हटले आहे, तेव्हा सीमाभागासाठी तो न धरण्यामागे काही तर्क आहे असे मानता येते. परंतु वाहनचालक परवानाही नागरिकत्व सिद्ध करत नाही आणि तो मात्र चालतो, याचे उत्तर कोणत्याही खिडकीवर मिळणार नाही. वाद घालण्यात दिवस घालवू नये.

मतदार ओळखपत्र आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. जुनी, एमटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाची कृष्णधवल ओळखपत्रे आजही अनेक ज्येष्ठांकडे आहेत. त्यांवरचा चेहरा मुळातच पुसट असतो आणि झेरॉक्समध्ये तर तिथे काळा चौकोनच उमटतो. असे ओळखपत्र असेल तर निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यामार्फत नमुना क्रमांक ८ भरून नवे मागवावे. हाच नमुना नावातील दुरुस्तीसाठी, पत्ता बदलण्यासाठी आणि हरवलेल्या ओळखपत्राच्या बदल्यात नवे मिळवण्यासाठीही चालतो. ज्यांचे नाव यादीतच नाही त्यांना मात्र नमुना क्रमांक ६ भरावा लागतो. या कामाला आठवडे लागतात आणि निवडणुका किंवा यादी पुनरीक्षण सुरू असेल तर आणखी लागतात. नवे ओळखपत्र टपालाने घरी येते. भाड्याचे घर बदलत सिडकोतून पाथर्डी फाट्याला आणि तेथून आडगावला गेलेल्या माणसाचे ओळखपत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून पत्ता आधी तपासावा. शंका असल्यास १९५० हा मदत क्रमांक आहे. यादीतील नोंदीला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर २०२१ पासून ओळखपत्राची डिजिटल प्रतही उतरवून घेता येते. ती रंगीत छापून जवळ ठेवावी, कारण मोबाइलमधील प्रत दाखवून तेथे काम भागत नाही आणि डोंगरात नेटवर्कचा भरवसा नसतो.

स्त्रियांच्या बाबतीत नावांचा घोळ वेगळाच असतो. लग्नाआधी काढलेल्या वाहनचालक परवान्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, मतदार ओळखपत्रावर पतीचे नाव, रेल्वेच्या तिकिटावर फक्त पहिले नाव आणि आडनाव, अशी तीन रूपे एकाच सदस्येची असू शकतात. यांतील प्रत्येक कागद खरा असतो, पण तिन्ही एकत्र ठेवले की पाहणाऱ्याला तीन बायका दिसतात. यावर प्रतिज्ञापत्राचा खटाटोप करण्याची गरज सहसा पडत नाही. जे ओळखपत्र परवान्यासाठी देणार त्याच्यावर जसे नाव आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच इंग्रजी स्पेलिंगने तिकिटावर, हॉटेलच्या यादीत आणि परवान्याच्या यादीत लिहावे. गटाची यादी करणाऱ्याने तोंडी सांगितलेली नावे उतरवून घेण्याऐवजी ओळखपत्र समोर ठेवून ती लिहिली, तर निम्म्या तक्रारी तेथेच संपतात.

अठरा वर्षांखालील मुलांकडे मतदार ओळखपत्र असण्याचा प्रश्नच नसतो. त्यांच्यासाठी पासपोर्ट, जन्मदाखला किंवा शाळेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र न्यावे. शाळेचे ओळखपत्र चालू वर्षाचे असावे. जूनमध्ये निघणाऱ्या गटांना हे अवघड जाते, कारण नवी ओळखपत्रे अजून वाटलेली नसतात आणि जुन्यावर मागचे वर्ष छापलेले असते. जन्मदाखल्यात दोन अडचणी वारंवार दिसतात. पहिली अशी की प्रसूतिगृहाने नोंद केली त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नव्हते आणि पुढे कोणी ते घातलेच नाही, त्यामुळे दाखल्यावर आईवडिलांची नावे आहेत आणि मुलाच्या नावाची जागा कोरी आहे. नाव नंतर घालता येते, परंतु त्यासाठी जेथे जन्माची नोंद झाली त्याच कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि दुसरी अडचण येथेच आहे. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपल्याकडे रीत असल्याने राहणारे नाशिकचे असले तरी नोंद मालेगावला, निफाडला किंवा थेट जळगावला असते. अशा पालकांनी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात रांग लावून उपयोग होत नाही, आणि हे त्यांना रांगेच्या टोकाला पोचल्यावर सांगितले जाते.

अर्जाची पायरी सोपी आहे. पर्यटकाला स्वतः अर्ज करता येत नाही. सिक्कीममधील नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत तो करावा लागतो, आणि जायचे असते स्थानिक नोंदणीच्या गाडीने. आपली गाडी नाशिकहून नेली तरी ती गंगटोकमध्येच उभी राहील. नथुलासाठी छांगूच्या परवान्यापेक्षा वेगळे शुल्क आहे, ते हिशेबात धरावे.

वारांच्या बाबतीत मात्र गटच्या गट फसतात. नथुला खिंड पर्यटकांसाठी सोमवारी आणि मंगळवारी बंद असते, आणि परवान्याचे कागद जायच्या आदल्या दिवशी दाखल करावे लागतात. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचल्या तर निरुपद्रवी वाटतात, पण एकत्र मांडून पाहिल्यावर त्यांचा जाच कळतो. समजा गट गुरुवारी नाशिक रोडहून रेल्वेने निघाला. प्रवास दोन दिवसांच्या आसपासचा असल्याने तो शनिवारी न्यू जलपायगुडीला पोचेल, आणि तेथून तिस्तेच्या काठाने सुमारे १२० किलोमीटरचा घाटरस्ता पार करून गंगटोकला पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. कागद शनिवारीच दाखल झाले नसतील तर रविवार गेला, आणि मग थेट बुधवार. पाच दिवसांच्या सहलीत हा विलंब बसत नाही. त्यामुळे नोकरदारांच्या रजेपेक्षा नथुलाचा दिवस आधी पक्का करून त्यावरून निघण्याची तारीख मागे मोजत यावे, आणि झेरॉक्स प्रती व छायाचित्रे गंगटोकमधील संस्थेकडे निघण्यापूर्वीच पोचवाव्यात. मूळ ओळखपत्रे अर्थातच सोबत हवीत. इतके करूनही बर्फ पडला किंवा दरड कोसळली तर रस्ता बंद होतो, म्हणून नथुला पहिल्या मोकळ्या दिवशी ठेवावी आणि मागे एक दिवस राखीव असू द्यावा.

रेल्वेच्या तिकिटांतही गटाला तीन गोष्टी नडतात. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. जुन्या हिशेबाने चार महिने आधी खिडकीवर जाणारे अजूनही आहेत. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे चोवीस जणांच्या गटाची चार तिकिटे होतात आणि ती एकाच डब्यात येतीलच असे नाही. ज्येष्ठांच्या गटाला सर्वांत जास्त चकवणारा नियम खालच्या बर्थचा आहे: साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ तेव्हाच मिळतो, जेव्हा तिकिटावर असा एकच प्रवासी असतो किंवा दोघे असतात आणि दोघेही या वयात बसतात. सहा आजीआजोबांचे एकत्र तिकीट काढले की तो कोटा हातचा गेला, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला वरच्या बर्थवर चढावे लागते. दोघादोघांची तिकिटे काढण्याचा त्रास सोसावा.

नाव बदलण्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. गटातून एक जण गळाला तर त्याच्या तिकिटावर दुसरा शेजारी पाठवता येईल असे भिशी गटांना वाटते. तसे होत नाही. तिकीट हस्तांतरित करता येते ते आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्याच नावे, आणि तेही गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज करून. लग्नाच्या वऱ्हाडाला आणि विद्यार्थ्यांच्या गटाला वेगळी सवलत आहे, मित्रमंडळाला नाही. त्यामुळे ज्यांचे कागद पूर्ण आहेत त्यांचीच नावे तिकिटावर घालावीत. कागद येतीलच असे सांगणाऱ्याला आग्रहाने थांबवणे हे गटप्रमुखाला जड जाते, पण शेवटी त्याचे तिकीट रद्द करून कापलेल्या पैशांचा हिशेब देणे अधिक जड जाते.

रात्री बारानंतर नाशिक रोडला येणारी गाडी निवडली असेल तर तारीख दोनदा वाचावी. शनिवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचे आणि गाडी साडेबारानंतर, तर तिकीट रविवारच्या तारखेचे असावे लागते. शनिवारचे काढले असेल तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते.

उत्तर सिक्कीमचा परवाना नथुलाच्या परवान्यात येत नाही, तो स्वतंत्र घ्यावा लागतो आणि त्यासाठीही वेगळ्या झेरॉक्स प्रती व छायाचित्रे लागतात, म्हणून प्रत्येकाने दोनाऐवजी सहा छायाचित्रे न्यावीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ ल्होनाक सरोवर फुटून तिस्तेला आलेल्या पुरात या भागातील रस्ते आणि पूल वाहून गेले होते. तेव्हापासून लाचेनच्या बाजूचा रस्ता कधी उघडा तर कधी बंद असतो, त्यामुळे गुरुडोंगमारसाठी आगाऊ पैसे भरताना रस्ता बंद असल्यास रक्कम परत मिळेल की नाही, हे पावतीवर लिहून घ्यावे. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावे: छांगू सुमारे १२,३०० फूट, नथुला १४,१४० फूट, गुरुडोंगमार सुमारे १७,८०० फूट. नुसते थंड हवेचे ठिकाण म्हणून सांगितले तर डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येते आणि ते खुशाल जा म्हणतात.