पार्श्वभूमी: फिंचचा मेंदू, झेन्क आणि नव्याची नवलाई

पक्षी गाणं ऐकून शिकतात हे चाफिंचवरच्या प्रयोगांतून १९५०च्या दशकातच दिसलं होतं. कॅनरीच्या मेंदूतली गायनकेंद्रं १९७६ साली सापडली. जनुकांची गोष्ट सुरू होते ती १९९२ मध्ये. आपल्याच जातीचं गाणं कानावर पडलं की कॅनरी आणि झेब्रा फिंच यांच्या अग्रमेंदूत एका जनुकाचा आरएनए (जनुक जागं झालं की बनणारी त्याची प्रत) अर्ध्या तासात भराभर वाढतो, परक्या जातीच्या गाण्याला कमी वाढतो आणि नुसत्या सुरांना जवळपास नाहीच, असं तेव्हा आढळलं. गंमत म्हणजे ही वाढ गायनकेंद्रांत नव्हती, ऐकण्याशी संबंधित शेजारच्या भागात होती. गायनकेंद्रांत हेच जनुक पक्षी स्वतः गातो तेव्हा जागं होतं, हे १९९७ मध्ये कळलं.

या जनुकाच्या नावाने मात्र बराच घोळ घातला. उंदीर आणि घुशींवर काम करणाऱ्या वेगवेगळ्या गटांना ते आधीच सापडलं होतं आणि प्रत्येकाने आपापलं बारसं केलं: झिफ-२६८, ईजीआर-१, एनजीएफआय-ए, क्रॉक्स-२४. पक्षीवाल्यांनी चारही नावांची आद्याक्षरं जोडून 'झेन्क' केलं. त्यामुळे हे पक्ष्यांचं खास 'गाण्याचं जनुक' आहे असा समज अजून भेटतो. तसं काही नाही, तुमच्या-माझ्या मेंदूतही ते आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे झेन्क दिसलं की चेतापेशी पेटल्या आणि नाही दिसलं की त्या गप्प, असं धरून चालणं. मेंदूत आवाज जिथे प्रथम पोचतो त्या भागातल्या पेशी गाण्याला जोरदार विद्युत प्रतिसाद देतात, तरी तिथे झेन्क उमटत नाही. माझ्या मते झेन्कला 'चेतापेशींच्या सक्रियतेची खूण' म्हणणं हे सोयीपोटी झालं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, फिंचला तेवढेही लागत नाहीत. तेच गाणं पुन्हापुन्हा ऐकवलं की झेन्कची वाढ काही तासांत ओसरते. नवं गाणं लावलं की परत उसळते (१९९५). याला मराठीत 'सरावणं' म्हणायला हरकत नाही, पण 'सराव' म्हणजे रियाज असाही अर्थ होतो आणि कोवळ्या नराचा रियाज ही वेगळीच गोष्ट आहे.

सरावलेला मेंदू मूळच्या शांततेत परततो, हा समज २००९ मध्ये मोडला. गाणं न ऐकलेले, नवं ऐकलेले आणि आदल्या दिवशी सरावलेले, असे तीन गट हजारो जनुकांवर तपासले, तेव्हा सरावलेल्यांची अवस्था तिसरीच निघाली. पेशींच्या ऊर्जेशी संबंधित जनुकंही त्यात बदललेली होती. पुढच्याच वर्षी झेब्रा फिंचचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, आला आणि गाणं ऐकून बदलणाऱ्या जनुकांच्या यादीत प्रथिनं न बनवणाऱ्या आरएनएंचीही भर पडली.

आणि शिकणं? पिल्लू गुरूचं गाणं ऐकत असताना झेन्कला जागं करणारा पेशीतला संदेशमार्ग श्रवणभागात रोखला, तर मोठेपणी त्याची नक्कल कच्ची राहते, हे २००८ सालीच दाखवलं गेलं होतं.