‘अतिरिक्त’ जिराफाचे गणित

डेन्मार्कमधील कोपनहेगन प्राणिसंग्रहालयाने ९ फेब्रुवारी २०१४ रोजी मारियस नावाचा निरोगी तरुण जिराफ ठार केला, प्रेक्षकांसमोर त्याचे शवविच्छेदन केले आणि त्याचे मांस सिंहांना घातले. जगभर उसळलेल्या संतापाचा बराचसा रोख त्या मांसावर होता. वास्तविक सिंहांना मांस लागणारच होते. ते मारियसचे नसते, तर दुसऱ्या एखाद्या बिननावाच्या प्राण्याचे असते. मला अधिक खटकतो तो मारियसला लावलेला ‘अतिरिक्त’, म्हणजे पैदाशीसाठी नको असलेला, हा शब्द, आणि तो आला आहे एका देखण्या गणितातून.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. दोन प्राण्यांमधून एकेक प्रत डोळे मिटून उचलली, तर त्या दोन्ही एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता म्हणजे त्यांचा नातेगुणांक. सख्ख्या भावंडांत तो १/४, सावत्र भावंडांत १/८ आणि चुलत भावंडांत १/१६ असतो. एका प्राण्याचा प्राणिसंग्रहालयांच्या सामाईक प्रजनन कार्यक्रमातील सर्व प्राण्यांशी, स्वतःसकट, असा गुणांक काढून सरासरी घेतली की त्याचे ‘सरासरी नाते’ मिळते. आणि या सर्वांच्या सरासरी नात्यांची सरासरी १ मधून वजा केली, की मूळ जनुकीय विविधतेचा किती अंश उरला आहे ते कळते. म्हणून ज्याचे सरासरी नाते कमी, त्याची संतती मोलाची.

मारियसची जनुके युरोपातील कार्यक्रमात आधीच भरपूर होती. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या एका वन्यजीव उद्यानाने त्याला ठेवून घेण्याची तयारी दाखवली; पण तेथे त्याचा भाऊ होताच, आणि ती जागा अधिक मोलाच्या जनुकांच्या जिराफाला मिळावी, असे कोपनहेगनचे म्हणणे होते.

मात्र कोणाची संतती नको एवढेच हे गणित सांगते, कोणाला मारावे हे नाही. संततिनियमनाचे दुष्परिणाम असतात आणि पिल्लू वाढवणे हा प्राण्याच्या नैसर्गिक वर्तनाचाच भाग आहे, या संग्रहालयाच्या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु पिल्लाचे सरासरी नाते साधारणपणे आईबापांच्या सरासरी नात्यांच्या मध्यावर येते; म्हणजे जिराफाचा सुमारे १५ महिन्यांचा गर्भकाळ सुरू होण्यापूर्वीच, नर-मादी एकत्र सोडताना, होणारे पिल्लू ‘अतिरिक्त’ ठरणार का, हे कागदावर मांडता येते.